रॉकेट फुटलं आणि आम्ही पिठलं-भात घेऊन गेलो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबायला नको. आमची शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, अजूनही हा विषय निघाला की पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळते. काय झालं होतं माहितीये? एका गुणी मुलीचं ठरत आलेलं लग्न मी एका संध्याकाळी जवळजवळ मोडलं होतं. आणि कशानं? तर डबाभर पिठलं-भातानं!

घ्या, चहा घ्या. पहिल्यापासून सांगतो.

सुधाकर पाटकर माझा जुना मित्र. मी लालबागचा, तो गिरगावातल्या एका वाडीतला. एकाच विमा कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसून आम्ही दोघं म्हातारे झालो. त्याला एकुलती एक मुलगी, केतकी. लहानपणी दिवाळीत आमच्या चाळीत राहायला यायची आणि "काका, बाण वाकडा का जातो? बाटली तर सरळ होती!" असले प्रश्न विचारून माझं डोकं खायची. मी आपला लाडू तिच्या तोंडात कोंबून सुटका करून घ्यायचो.

तीच केतकी आता परदेशात रॉकेटच्या कंपनीत इंजिनीअर आहे. आणि रॉकेट म्हणजे काय साधंसुधं नव्हे हां! लोअर परळला गिरणीच्या जागेवर ते टॉवर उभे राहिलेत ना, ज्यांचा शेवटचा मजला बघताना आपली मान लचकते, तेवढं उंच. तो अख्खा टॉवर खालून पेटवायचा आणि आकाशात सोडून द्यायचा. एवढं मोठं रॉकेट नवीनच, म्हणून त्याची चाचणी होती. रविवारी, आपल्याकडे संध्याकाळ असताना.

सकाळीच मी सुध्याला फोन लावला.

"काय रे, आज उडणार ना आपलं रॉकेट?"

"उडेल. पण फुटेल बहुतेक."

"अरे, शुभ बोल की!"

"केतकीच म्हणते तसं. फुटलं तरी चालतंय. कुठे कमी पडतं तेच त्यांना बघायचंय. आत माणूसबिणूस कोणी नाही."

आता मला सांगा, बाप कधी असं बोलतो का? पण मी काय समजलो ते ऐका. आपल्याकडे पोरगं बोर्डात झळकणार असतं आणि बाप चारचौघांत सांगतो, "पास झाला तरी पुष्कळ." नवी गाडी दारात उभी असते आणि मालक म्हणतो, "चालेल तेवढी चालेल." का? दृष्ट लागू नये म्हणून! मी म्हटलं, सुध्या तोंडानं फुटेल म्हणतोय, पण आत देव पाण्यात घालून बसलाय. "कळलं, कळलं," असं म्हणून मी फोन ठेवला. मला सगळं कळलं होतं, फक्त तो काय म्हणाला तेवढं सोडून.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. "ये घरी, एकत्र बघू," असं काही सुध्या म्हणाला नाही. मी म्हटलं, असू दे, टेन्शनमधे असेल.

संध्याकाळी आम्ही गणपती मंडळाच्या ऑफिसात जमलो. तिथे क्रिकेटसाठी घेतलेला मोठा टीव्ही आहे. कॉमेंट्री इंग्रजीतून, त्यामुळे ती मराठीत समजावून सांगायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. सगळ्यांत पुढे खुर्चीवर परबकाकी. ह्या आमच्या मालवणी शेजारीण. वय झालंय, पण चाळीतलं एकही बारसं आणि एकही मयत त्यांच्याशिवाय पार पडत नाही. कोणी कुठे बसायचं, काय बोलायचं, कधी उठायचं, सगळं त्यांना विचारून.

"पोरगी आत बसाक नाय मा?" काकींनी विचारलं.

"नाही हो काकी, ती खाली आहे. आत कोणीच नाही."

"मगे पाठवतत कित्याक?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि काय सांगू, उडालं हो! आधी नुसता धूर, मग असा काही जाळ, आणि तो टॉवर सावकाश, अगदी सावकाश वर निघाला. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गॅलरीत लाडू खाणारी पोर ती! पोरांनी शिट्ट्या मारल्या. शैलानं दोन्ही हात जोडले. खालचा भाग सुटला, वरचा पुढे गेला, मी मोठ्यानं ओरडून सांगत होतो, "गेलं, गेलं, आता काही चिंता नाही!"

तेवढ्यात ते फुटलं.

म्हणजे अगदी लगेच नाही, पण परत येताना, समुद्रावर कुठेतरी. पडद्यावर एक ठिणगी दिसली, मग दहा, मग जळते तुकडे तुकडे पसरले. आमच्या खोलीत पोरांनी शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं बाहेर काढली. आणि टीव्हीवर? टीव्हीवर त्या कंपनीतली सगळी पोरं-पोरी उभी राहून टाळ्या वाजवत होती!

"टाळये कित्याक वाजवतत ते?" काकी म्हणाल्या.

इथे मी गप्प बसलो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण गप्प बसणं मला जमतं कुठे? मी घसा खाकरून म्हणालो, "काकी, त्यांच्याकडची पद्धत वेगळी. ते मयताला सूटबूट घालून जातात, भाषणं करतात. दुःखात एकमेकांना धीर द्यायला टाळ्या वाजवतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते इतकं पटलं की मी स्वतःच दोनदा मान डोलावली.

मी सुध्याला फोन करायला खिशात हात घातला, तर काकींनी माझा हात धरला.

"असल्या येळाक फोन करतत काय? जावन बसाक व्हया."

बरोबर होतं त्यांचं. वाईट प्रसंगी फोन करत नाहीत. जातात, शेजारी बसतात, आपणहून काही बोलत नाहीत. आमच्या लालबागची रीतच ती. मग काय, सूत्रं काकींकडे गेली. शैलानं केसातला गजरा काढला आणि साधी पांढरी साडी नेसली. मी पांढरा झब्बा चढवला. काकींचा मुलगा बबन, तो कुठेतरी निळ्या टी-शर्टात उभा होता, त्यालाही पांढरा शर्ट घालून आणलं.

"थंय चूल पेटली नसतली," काकी म्हणाल्या. "पिठला-भात घेवन चला."

तुम्हाला ठाऊकच आहे, घरात कोणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. कडू घास म्हणतात त्याला. शैला एकदा म्हणाली, "अहो, पण इथे कोणी गेलं नाहीये. पिठलं कशाला?" मी तिच्यावर डाफरलो, "बापाचा घास उतरणार आहे का आज?" तिनं निमूट बेसन कालवलं.

आम्ही चौघं टॅक्सीत बसलो. आमच्याकडे एक नजर टाकून ड्रायव्हरनं आपणहून रेडिओ बंद केला.

सुध्याच्या दाराबाहेर परक्या चपला होत्या. मी शैलाला म्हटलं, "बघ, लोक यायला लागलेसुद्धा." दार वृंदावहिनींनी उघडलं, सुध्याच्या बायकोनं. डोळे लाल! आमच्याकडे बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"काही बोलू नका वहिनी," मी म्हणालो आणि आत जाऊन भिंतीला टेकून खाली बसलो. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण अशा वेळी खुर्चीवर बसत नाहीत. माझ्या शेजारी बबन. समोर काकी आणि शैला. चौघांच्याही माना खाली.

सोफ्यावर एक नवरा-बायको बसले होते. दोघंही नीटनेटके. बाई ताठ, चष्मा नाकावर, मुख्याध्यापिका होत्या हे कोणी न सांगता कळावं अशा. त्यांच्या हातातल्या बशीत पेढा होता. मला वाटलं, आधी आणून ठेवलेले पेढे असतील बिचाऱ्यांनी.

सुध्या आतून आला. आम्हाला बघून जागीच थबकला, मग माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता हे उलटंच झालं, हात मी ठेवायचा होता. पण मी म्हटलं, धक्क्यात माणसाला काही सुचत नाही.

"कधी झालं रे?" त्यानं हळूच विचारलं.

"आत्ताच की. बघता बघता."

"त्रास फार झाला?"

"छे. एका क्षणात सगळं संपलं."

"सुटले," सुध्या म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. आता कोण सुटले, हे मी विचारायला हवं होतं की नाही? पण मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्यानं माझ्या पाठीवरून फिरवला. तेवढ्यात काकींनी सूर लावला.

"गो बाय माझे! पोरीन केवढी मेहनत केल्यान गो! सगळा जळान गेला गो!"

त्या सुरावर शैलाला हुंदका फुटला. आणि तिनं डोळे पुसत पुसत पिशवीतून डबा काढून वृंदावहिनींच्या हातात दिला. "दोन घास खाऊन घ्या, वहिनी. घरात काही केलं नसेल." खरं तर आतून पुऱ्या तळल्याचा मस्त वास येत होता, वहिनींचे डोळेही त्या तळणाच्या धुरानंच लाल झाले होते, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

वहिनींनी झाकण उघडलं. पिठलं-भात.

सोफ्यावरच्या बाईंनी बशी खाली ठेवली.

"पाटकर, तुम्हाला सुतक आहे का?"

"नाही हो, नाही! ह्यांच्याकडे काहीतरी झालंय."

"आमच्याकडे?" मी मान वर केली. "आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. आम्ही तुझ्याकडे आलोय."

"माझ्याकडे? माझ्याकडे कोण गेलं?"

"रॉकेट!"

मला सांगा, ह्यावर कोणीतरी हसायला नको होतं का? कोणी हसलं नाही. बाई तर उभ्याच राहिल्या.

"म्हणजे त्या मुलीचं एवढं मोठं नुकसान झालंय, लोक रडत येतायत, आणि तुम्ही आम्हाला यश मिळालं म्हणून पेढे देताय?"

सुध्या चाचरायला लागला. "अहो, तसं नाही, ते फुटलं तरी..."

मला राहवेना. मित्राला लपवाछपवी करायची पाळी यावी, ती का? मी उठून बाईंपुढे हात जोडले. "बाई, माणूस दुःखात काहीही बोलतो, मनावर घेऊ नका. नोकरी गेली तर गेली! मुलगी हुशार आहे. माझा मेव्हणा आहे परळला एका हॉस्पिटलात, मशिनं सांभाळायच्या खात्यात. चिकटवू तिथे."

वृंदावहिनी मटकन खाली बसल्या. सुध्यानं माझं मनगट धरून मला खिडकीपाशी ओढलं आणि दात-ओठ खात कानात सांगितलं, "अरे गाढवा, हे दादरचे सबनीस. ह्यांचा ओंकार तिकडेच नोकरीला आहे. केतकीचं ठरवायला आलेत! आज सुपारी फोडायची होती."

"मग मला आधी नाही सांगायचं?"

"तुला सांगितलं की लालबागला कळतं. ठरेपर्यंत बोलायचं नाही म्हणून तर तुला आज बोलावलं नाही!"

मग त्यानं उरलेलंही माझ्या कानात ओतलं. ह्याआधी केतकीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. मुलगी रॉकेटं उडवते, संसार कधी करणार, म्हणून. हे एकच घर असं भेटलं होतं की म्हणाले, तिनं काम सोडायचं नाही. आणि त्या घरच्या बाई आता खांद्याला पर्स अडकवत होत्या. मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतल्या, गावाकडच्या, सासरच्या, आठवतील तेवढ्या गणपतींना नवस बोललो.

"आम्ही निघतो," सबनीसबाई म्हणाल्या. "खरं काय ते नीट कळल्याशिवाय असल्या गोष्टी ठरवू नयेत."

आणि सुध्याचा फोन वाजला. केतकीचा व्हिडिओ कॉल! सुध्यानं फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

"बाबा, बघितलंत ना? केवढं लांब गेलं!" पोरीचा चेहरा नुसता फुलला होता. मग तिला मागे आम्ही दिसलो. "अय्या, काका! काकू! परबकाकीपण! पण तुम्ही सगळे पांढरे कपडे घालून का उभे आहात?"

शेवटी मीच चोरासारखा पुढे झालो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पिठल्यासकट. ती हसली, इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला आणि आम्हाला तिकडचं छत दिसायला लागलं.

सबनीसबाई मात्र हसल्या नाहीत. त्या फोनसमोर येऊन बसल्या. "केतकी, मला सरळ सांग. हे यश आहे की अपयश?"

"यश आहे, काकू. फुटू शकतं हे माहीत होतं, म्हणून तर रिकामं सोडलं होतं. कुठला भाग कमकुवत आहे ते आता कळलं, आत माणसं बसायच्या आधी कळलं. म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."

बाईंनी मान हलवली. माझ्या जिवात जीव यायला लागला होता, तेवढ्यात केतकी जरा थांबली. तिचं हसू ओसरलं.

"पण खरं सांगू? टाळ्या वाजवून झाल्यावर मी गाडीत जाऊन थोडी रडले. त्यातली इंधनाची एक झडप माझी होती, मी बनवलेली. इतके दिवस तिच्याच मागे होते, रात्री स्वप्नातसुद्धा तीच. ती आता समुद्राच्या तळाशी पडली असेल. इथे सगळे एवढे खूश, कोणाला सांगणार? काका, तुम्ही आलात ते बरं केलंत."

"रड गो बाय, रड," परबकाकी फोनला म्हणाल्या. "मी आसय हयसर."

आणि काय सांगू, पुन्हा सगळ्यांचे डोळे ओले. ह्या वेळी मात्र कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. सबनीस तोवर एक अक्षर बोलले नव्हते, त्यांनीसुद्धा चष्मा काढून पुसला. मग बाईंनी खांद्यावरची पर्स काढून शेजारी ठेवली.

"पाटकर, मी पुष्कळ घरं पाहिली. पण मुलीचं यंत्र फुटलं म्हणून लालबागहून टॅक्सी करून रडायला माणसं येतात, असं घर पाहिलं नव्हतं. आमचा ओंकार एकुलता एक आहे. त्याला अशी माणसं मिळणार असतील तर मला आणखी काही विचारायचं नाही. सुपारी आणा."

मग वृंदावहिनींकडे वळून म्हणाल्या, "आणि ते पिठलं इकडे द्या. कोणाला सुतक नाही ना? मग गार कशाला करायचं?"

सुपारी फुटली! पुऱ्या आल्या, श्रीखंड आलं, मधोमध आमचा डबा. केतकी तिकडून फोनवर सगळ्यांना नमस्कार करत होती. बबननं तर पांढऱ्या शर्टावर श्रीखंड सांडलं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या. एक लग्न मोडता मोडता वाचलं होतं, माझ्या तीस वर्षं जुन्या मित्रानं मला अजून घराबाहेर काढलं नव्हतं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हॉस्पिटलातल्या त्या नोकरीचं कोणी पुन्हा नाव काढलं नाही.

निघताना सबनीसबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मला म्हणाल्या, "एक अट आहे हं. लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही चौघांनी आमच्या बाजूला उभं राहायचं. मुलीच्या बाजूला उभे राहिलात तर आमची सून काही गाडीत बसायची नाही."

मी हसत हसत कबूल केलं. तेवढंच ना! आजच्या दिवसात मी पुष्कळ शिकलो होतो. कोणाचं काही फुटो, तुटो, कोणी रडो, आपण आधीच चेहरा पाडायचा नाही, हे मी पक्कं ठरवून टाकलं होतं.

चार पायऱ्या उतरल्यावर शैलानं माझा झब्बा मागून ओढला.

"अहो, एक सांगून ठेवते. पाठवणीला खरोखरच रडतात. तिथे टाळ्या वाजवू नका."

बरं झालं तिनं वेळेवर सांगितलं. कारण खोटं कशाला बोलू, मी तेच ठरवलं होतं.